आतली कडी

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आरोग्य केंद्राच्या गाव समितीची मी सचिव झाले! पहिल्याच सभेत ‘दवाखाना आपला आहे’ असं भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या आणि दारात मोठी कमान बांधायचं ठरलं. घरी मात्र वहिनी बाळंतपणाला केंद्रात जायला तयार नाही. मागच्या खेपेला घरी ती कशी वाचली, ते तू पाहिलंस. मी तासभर समजावलं. शेवटी म्हणते कशी, छान बोलता हो वन्सं! तूच तिला दटावून लिही.

तुझ्या धाकाची वाट पाहणारी,
धाकटी

९ मार्च

चि. सचिवबाईंस,
अ. उ. आ.

तासभर बोललीस, पण विचारलंस किती वेळ? घरातली पहिली पदवीधर तू, आणि हे मी सांगायचं? तुझ्या वहिनीला दटावणारा अजून जन्मायचाय. मी तर नुसता नवरा. का येत नाहीस, एवढंच विचार आणि मग गप्प बस. जड जाईल तुला. इथे कारखान्यात माझं कामात लक्ष नाही, हे मात्र तिला सांगू नकोस.

लोभ वाढवावा, भाषणं आवरावीत.
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विचारलं. बाळंतपणाच्या खोलीला आतून कडीच नाही! औषधांची रांग थेट दारासमोर, कोणीही डोकावतं. केंद्रातच भरलेल्या सभेत मी कडी मागितली, तर आपले किराणावाले अध्यक्ष हसले. पोरी, कमानीचं बोल, म्हणाले. तशी मागून वहिनी उठली, पोट सावरत. म्हणाली, काका, त्या खोलीतल्या टेबलावर जरा आडवे व्हा, पाय वर घ्या, दार उघडंच राहू दे. काका थट्टेथट्टेत आत जाऊन आडवे झाले. मग आम्ही बायका एकेक करून डोकावलो, तब्येत विचारली. काकू तर दोनदा डोकावल्या! काका लालबुंद होऊन उठले आणि स्वतः जाऊन सुताराला घेऊन आले. कमान बारगळली.

आज सकाळी वहिनी आपल्या पायांनी केंद्रात आली. सचिव म्हणून मीही आत निघाले, तर तिने नर्सबाईंना कडी लावायला सांगितली. मी दार ठोठावलं. आतून उत्तर आलं, वन्सं, सभा नंतर!

दादा, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, असं नर्सबाईंनी आतूनच ओरडून सांगितलं. मला अजून कोणी आत घेतलेलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.

कळावे, आणि लगेच निघावे.
धाकटी