जहाज शनिवारी लागेल

बाबा, यंदाच्या जुलैत मी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, सिलतऱ्याच्या कारखान्यात बसून एक जहाज कोणत्या दिवशी बंदराला लागेल ते सांगितले, आणि ते त्याच दिवशी लागले. समुद्र तुम्ही आयुष्यात पाहिला नाही, तरी हे लिहायला तुमच्याखेरीज दुसरा माणूस मला सुचत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कोळशाच्या खरेदीत नुकता आलो होतो. आमच्या लोखंडाच्या भट्टीचा कोळसा आफ्रिकेहून येतो आणि त्यामुळे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला रोज हिंदी महासागराचे हवामानपत्रक वाचावे लागते, याची कल्पना तेव्हा आपल्या दोघांनाही नव्हती.

तुम्ही वेधशाळेत निरीक्षक होता. सकाळी साडेआठचे वाचन चुकू नये म्हणून तात्यापाऱ्यातल्या घरून सायकलने पाऊण तास आधी निघायचात आणि साडेआठ वाजता नोंदवहीत तीन वाजल्याची नोंद करायचात. जगभरच्या वेधशाळा एकाच घड्याळाने चालतात, हे मला त्या नोंदवहीतून कळले. आजही सागरी पत्रकातल्या वेळांत साडेपाच तास मिळवायला मला कागद लागत नाही. हवेतला दमटपणा मोजणाऱ्या ओल्या तापमापकाच्या कापडासाठी तुम्ही पावसाचे स्वच्छ पाणी बरणीत भरून स्वयंपाकघरात ठेवायचात, आणि आई त्यातलेच भांडेभर काढून त्यात तुरीची डाळ शिजवायची. एकदा तुम्ही तिला रंगेहाथ पकडले. ती म्हणाली, "मग काय करू? नळाच्या पाण्यात शिजतच नाही." तुम्ही पाटावर बसलात आणि म्हणालात, "वाढ मग. सरकारचं वरण खाऊन राहिलो आपण." कामाच्या बाबतीत तुम्ही दाखवलेली ती एकच सवलत मला आठवते.

ताईच्या लग्नाचा दिवस मात्र मी बरीच वर्षे तुमच्याविरुद्ध धरून ठेवला होता. मे महिना आहे, मांडव उघड्या मैदानात घातला आहे, आणि मामा सर्वांसमोर तुम्हाला विचारत आहेत, "भाऊजी, तुम्ही हवामानवाले. सांगा बरं, पाणी येते का नाही? पंगत शाळेत हलवू का?"

तुम्ही आभाळाकडे पाहता आणि म्हणता, "येऊ शकते. नाही बी येऊ शकत."

"हे तं माही बकरी बी सांगते," मामा म्हणतात, आणि सगळा मांडव हसतो.

पंगत हलली नाही. दुसरी पंगत बसताच पाऊस आला, पत्रावळी वाहून गेल्या, वरपक्षाची माणसे उपाशी उठली. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारले की तुम्हाला माहीत होते, तर सांगितले का नाही. तुम्ही आवाज चढवला नाही. "माहीत नव्हतं. जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. त्याच्यापुढे एक शब्द जोडला असता तं तो माहा झाला असता, आभाळाचा नाही. तुले हे समजत नसन तं माह्या नोंदवहीला हात लावू नको." मी त्यानंतर खरोखरच हात लावला नाही.

आता जुलैची गोष्ट. शनिवारी सकाळी बैठक होती. यार्डात सहा दिवसांचा कोळसा शिल्लक होता. भट्टीची फीड, म्हणजे तासाला आत जाणारा माल, कमी केली तर तो दहा दिवस पुरला असता. भट्टी एकदा थंड पडली की आतल्या विटा तडकतात, अस्तर नव्याने लावावे लागते, आणि तेवढे आठवडे कंत्राटी माणसे घरी बसतात. जहाज विशाखापट्टणमच्या बाहेर नांगर टाकून उभे होते. बंदरावरचा एजंट म्हणत होता, मंगळवारी लागेल, कारण उपसागरातला कमी दाबाचा पट्टा जमिनीवर सरकला होता आणि वारा रविवारपासून पडणार होता. वाऱ्याबद्दल त्याचे म्हणणे बरोबर होते. पण त्या दिवशीच्या हवामानपत्रकाच्या खालच्या भागात, विषुववृत्ताच्या बरेच दक्षिणेला, तीन दिवस टिकलेल्या मोठ्या वाऱ्याची नोंद होती. तिथे उठलेली लांब लाट हजारो किलोमीटर चालून येते आणि किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूकही नसताना जहाजाला असे हलवते की ते आत आणणाऱ्या बंदराच्या पायलटला दोरीच्या शिडीवरून चढता येत नाही. पायलट चढला नाही तर जहाज आत येत नाही.

मालकांचे धाकटे चिरंजीव मला म्हणाले, "अंकल, पोर्टवाला मंगल बोल रहा है. आप सिलतरा में बैठके कौन सा समंदर देख रहे हो? तेलीबांधा का तालाब?"

भट्टीप्रमुख भंडाऱ्याचा, आपल्याकडचाच माणूस. तो हळूच म्हणाला, "साहेब, फीड कमी केली आन् जहाज मंगळवारी आलं, तं उत्पादन काहून पडलं हे सारे मलेच विचारतीन. तुमचं काय जाते?"

मी म्हणालो, जहाज पुढच्या शनिवारपूर्वी लागणार नाही आणि शनिवारी लागेल. बंदरापासून भट्टीपर्यंत कोळशाला तीन दिवस लागतात, म्हणून फीड आजच कमी करावी.

"पक्का?" चिरंजीवांनी विचारले.

"पक्का," मी म्हणालो.

फीड त्याच दुपारी कमी झाली. मंगळवारी ऊन पडले होते, वारा नव्हता, आणि चिरंजीवांनी मला दोनदा फोन करून बंदरावरचे हवामान किती छान आहे ते ऐकवले. जहाज मात्र जागेवरच डोलत राहिले. शनिवारी ते लागले, पुढच्या मंगळवारी कोळशाचा पहिला रेक, म्हणजे पहिली मालगाडी, उतरला, आणि भट्टी गरम राहिली. हल्ली चिरंजीव कोणत्याही जहाजाबद्दल आधी मला विचारतात. लाट मी बरोबर वाचली होती, आणि ती वाचण्याची शिस्त तुमची होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण हिशेब असा होता, बाबा: लाट ओसरण्याचा दिवस माझ्या कागदावर गुरुवार ते सोमवार असा निघत होता. शनिवार हा त्यातला मधला दिवस होता, आणि तो मी जोडला होता. जहाज सोमवारी लागले असते तर कमी फीडवरही भट्टी थंड पडली असती, आणि शेजारच्या कारखान्यातून उसना कोळसा आधीच मागून ठेवायची जी वाट होती ती माझ्या "पक्का" या एका शब्दाने बंद झाली होती. "गुरुवार ते सोमवार" असे मी सांगितले असते तर ते हसले असते आणि फीड पूर्ण चालू राहिली असती. मामांसमोर तुम्ही जसे उभे राहिलात, तसे उभे राहायचे मी त्या क्षणी नाकारले. ही गोष्ट कारखान्यात कोणाला ठाऊक नाही. तुम्हालाही ही माझ्याकडून कळणार नाही, म्हणूनच ती एवढ्या नेमकेपणाने लिहिता आली. आणि त्यांनी उद्या पुन्हा विचारले, तर मी पुन्हा एकच दिवस सांगेन.