पँटी इकडे, शर्ट तिकडे

२ फेब्रुवारी

टेपबाई आज पुन्हा आली! जुना बाजाररस्ता सुधारायला नगरपालिकेने नेमलेली इंजिनिअर. हुद्दा बराच लांबलचक आहे, म्हणून सगळे टेपबाईच म्हणतात. तिच्याही गळ्यात टेप, ह्यांच्याही गळ्यात टेप. दोघं समोरासमोर उभी राहिली तेव्हा आधी कोण कोणाचं माप घेतंय, तेच कळेना.

तिने सांगितलं ते असं. रस्ता पुन्हा पहिल्यासारखा करायचा. पत्रे, प्लास्टिकच्या पाट्या, पुढे ओढलेले ओटे, सगळं काढून प्रत्येक दुकानाला त्याचा मूळ चेहरा द्यायचा. जे तयार होतील त्यांची इमारत जतनाच्या यादीत. जे होणार नाहीत ते यादीबाहेर. आणि आमची पडली कोपऱ्यावरची! यादीबाहेर गेली की सरळ पाडणार आणि तिथे गाड्या लावणार. मुदत मार्चअखेर.

आमचा मूळ चेहरा म्हणजे मामंजींच्या वेळचा. मधोमध एक रुंद दार, दोन्ही बाजूंना काचा, वर एकच पाटी. आणि आता? मधोमध भिंत! दोन अरुंद दारं, दोन पाट्या. मामंजी गेले आणि त्यांच्यामागे कोट कोणी शिवायचा यावरून दोघा भावांचं फाटलं. शेवटी वाटणी झाली – पँटी इकडे, शर्ट तिकडे. कोट कोणालाच नाही! नऊ वर्षं हेच. गिऱ्हाईक आमच्याकडे पँटचं माप देतं, पायरी उतरतं, शेजारची पायरी चढतं आणि भाऊजींना शर्टाचं देतं. सूट हवा असेल तर त्याने खुशाल दुसरं गाव गाठावं.

टेपबाई म्हणाली, भिंत काढायला दोघांच्या सह्या लागतील.

"शक्य नाही," हे म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

५ फेब्रुवारी

वाचनालयाचा दिवस. धाकटी आधीच येऊन बसलेली, जुन्या मासिकांच्या कपाटामागे, आमच्या कोपऱ्यात. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. जगाच्या लेखी आमचं हाडवैर. भिंत झाली तेव्हा नवऱ्यांनी तोंडं फिरवली, म्हणून आम्हालाही फिरवावी लागली. पण दर गुरुवारी इथे भेटतो. पुस्तकं नुसती बदलतो. वाचत कोण बसलंय!

ह्यांना कळता कामा नये. पाठच्या भावाशी न बोलता इतकी वर्षं काढली ह्यांनी. बायकोही तिकडे फितूर आहे म्हटल्यावर काय वाटेल? म्हणून घरी मी धाकटीच्या नावाने कडाकडा बोटं मोडते. तीही तिकडे मोडते. परवा म्हणे मला "कैदाशीण" म्हणाली. मी तिला "टवळी"वर भागवते, तर तिला फार सौम्य वाटलं. वाढव म्हणाली.

मग गंभीर झालो. दुकान गेलं तर दोन्ही घरं बसतील. सरळ "भिंत काढा" म्हणायची सोय नाही – टवळीबरोबर एका छताखाली बसायला मी कशी काय तयार झाले? तेव्हा डिवचायचं. दोघांत ईर्ष्या लावून द्यायची. आपोआप सह्या होतील.

७ फेब्रुवारी

सकाळी चहाबरोबर पुडी सोडली. "ऐकलंत का, भाऊजींनी सही केली म्हणे. पाटीवर आधी त्यांचंच नाव येणार." ह्यांच्या मिशा थरथरल्या. मनात म्हटलं, काम फत्ते!

मी सकाळी दुकानात बसते, तोवर चेहरा तसाच घुम्यासारखा. दुपारी मी घरी आले. संध्याकाळी हे आले ते शीळ वाजवत.

"नाही केली त्याने सही."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अंदाज."

१० फेब्रुवारी

टेपबाई समजूत घालायला आली होती. हे म्हणाले, भिंत काढली तर वरचा माळा खाली येईल. ती हसायलाच लागली. म्हणाली, शेजारी पण हेच म्हणाले, अगदी ह्याच शब्दांत! मग स्टुलावर चढून तिने दाखवलं – भिंत माळ्याला टेकलेलीसुद्धा नाही, वर चार बोटं मोकळी आहेत. हे मान खाली घालून टाके उसवत बसले. टाके चांगले होते!

भाऊच शेवटी. खोटंसुद्धा एकाच दोऱ्याने शिवतात.

१२ फेब्रुवारी

धाकटीची पुडीही फुसकी निघाली. तिने घरी सांगितलं होतं की आम्ही नवीन पाटी रंगवायला टाकली, एकट्याच्या नावाची. भाऊजी आधी तापले आणि संध्याकाळी थंड. तिकडेही "अंदाज"! दोघांना एकदम अंतर्ज्ञान कुठून झालं कोण जाणे.

आज आमच्यावर जिवावरचा प्रसंग आला. धाकटी भाऊजींच्या मिशा थरथरतात कशा ते करून दाखवत होती. मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलेलं. वर बघते तर समोर चष्मेवाला! रस्त्याच्या समितीचा अध्यक्ष. कोपऱ्यापासून तिसरं दुकान त्याचं, म्हणजे दिवेलागणीच्या आत ह्यांच्या कानावर जाणार. मी ताडकन उठले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. लाज नाही का वाटत, घर फोडलंस, वर दात काढतेस! धाकटीने पुस्तक आपटलं. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. चष्मेवाला बिचारा मध्ये पडला. "वहिनी, वहिनी, मोठ्या आहात तुम्ही, सांभाळून घ्या!" हसत होतो ते त्याला दिसलंच नव्हतं. चष्मा दुकानात विसरून आला होता.

१३ फेब्रुवारी

गावभर झालं – दोघी जावा वाचनालयात हातघाईवर आल्या. ह्यांनी आज न सांगता स्वतः चहा करून दिला. फार वाईट वाटलं मला. चहाही वाईटच झाला होता.

२ मार्च

रस्ता ओळखू येईना! लोखंडवाल्याच्या दुकानावरचा पत्रा काढला तर खाली नक्षीच्या लाकडी कमानी. कोणाला ठाऊकच नव्हत्या, त्याला स्वतःलाही नाही. बेकरीवाल्याने फरशी घासली तर काळ्याखालून निळी निघाली. आता तो गिऱ्हाइकांना चपला काढायला लावतो आणि त्याची बायको त्याला वेड्यात काढते. चष्मेवाल्याच्या दारावर पितळी मुठी आल्या. संध्याकाळी लोक नुसते फिरायला येतात. फिरता फिरता काहीतरी घेतातही.

आमच्यापाशी आले की मात्र रस्ता ओलांडून पलीकडे जातात. काय करतील? एका गृहस्थांनी विचारलं, इथे कोट शिवतात का. ह्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. मग कितीतरी वेळ कातर हातात धरून बसले होते.

९ मार्च

नगरपालिकेची माणसं आली आणि आमच्या कोपऱ्याच्या खांबावर तांबडी फुली मारून गेली. दुसऱ्या कुठल्याच इमारतीवर नाही.

मला आज भीती वाटली. खरीखुरी. हे पायरीवर उभे राहून फुलीकडे बघत होते. शेजारच्या पायरीवर भाऊजी, तेही तिकडेच बघत होते. मध्ये हातभर अंतर. एकाने "अरे" म्हटलं असतं तरी पुरलं असतं! पण मी ह्यांच्या मागे आणि धाकटी त्यांच्या मागे उभी. ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. भाऊजीही गेले.

ह्या वयात ह्यांनी कुठे जायचं? ह्यांना दुसरं काही येत नाही, आणि हेसुद्धा अर्धंच – कमरेखालचं. घरी आल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

१२ मार्च

धाकटीही रडून आली होती. डोळे सुजलेले. पण डोकं ताळ्यावर होतं तिचं. म्हणाली, "ताई, काढा म्हणून ऐकत नाहीत ना? मग आपण वाढवा म्हणू."

म्हणजे कसं – भिंत हवी आहे ना तुम्हाला? ठेवा! पण मग धड ठेवा. अर्ध्या विटेची ती भिंत, पलीकडची शिंकसुद्धा ऐकू येते. गवंडी बोलावू, कपाटं हलवू, दोन्ही अंगांनी जाड गिलावा करू. माणसाला हवं ते दुप्पट ताटात वाढलं की त्याची भूक मरते. निदान आपण काय खुळेपणा करतोय ते तरी दिसेल.

मी तिची अलाबला घेतली.

१४ मार्च

सांगितलं. "त्या टवळीचा आवाज ऐकून माझं कपाळ उठतं. मंगळवारी गवंडी येतोय. तेवढी कपाटं हलवून ठेवा."

ह्यांच्या हातातला चमचा खाली पडला.

"कपाटं कशाला हलवायची?"

"कपाटामागे गिलावा नको?"

"कपाटामागे कोण बघतंय!"

आणि जेवण अर्धं टाकून उठले. ह्यांनी जेवण टाकलं म्हणजे घाव वर्मी बसला!

१६ मार्च

सह्या झाल्या!! दोघांच्या! दुपारी मी घरी आले तोवर काही नाही, आणि चार वाजता टेपबाईचा फोन – दोघे अर्ध्या तासाच्या अंतराने येऊन सही करून गेले. भिंत निघणार, एक दार होणार, इमारत यादीत. उद्या फुलीवर रंग मारणार आहेत. मी फोन ठेवला आणि एकटीच स्वयंपाकघरात गिरकी घेतली. गुडघा धरला. धरू दे.

रात्री जेवताना हे अगदी दबकत म्हणाले, "तुला चालेल ना? ती रोज समोर असेल."

मी एवढा मोठा सुस्कारा सोडला. "तुमच्यासाठी करीन सहन."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी. हे देवा, किती पाप करवून घेशील माझ्याकडून!

१९ मार्च

धाकटीनेही घरी शब्दन् शब्द तेच म्हटलं होतं – तुमच्यासाठी करीन सहन. आज वाचनालयातून आम्हाला बाहेर काढलं. पहिल्यांदाच.

आता पुढचं ठरवायचंय. एकदम गोड बोलून चालणार नाही, संशय येईल. एप्रिलभर धुसफूस, मे महिन्यात "जरा बाजूला सरका", आणि पावसाळ्याच्या तोंडावर एकमेकींना चहा. नवऱ्यांचं कसं जुळवायचं हा खरा प्रश्न. नऊ वर्षांची सवय. आधी नुसतं "कातर दे" वर आणू, असं ठरलं.

२४ मार्च

हे म्हणतात भिंत रविवारी पडेल, आणि बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. कपाटंसुद्धा आम्हीच हलवू. धूळ उडेल, मला दम्याचा त्रास होईल.

मला दमा कधी होता?

२८ मार्च

गवंडी एक दिवस आधीच उगवला! उद्या पहाटे दुसरं काम आहे, आज निदान जागा मोकळी करून मापं घेऊन ठेवतो म्हणाला. हे समितीत गेलेले, भाऊजीही. आपापल्या वाटेने, अर्थात. म्हटलं, शुभस्य शीघ्रम्, ओढ कपाट! पलीकडे धाकटीही तेच म्हणत होती.

कपाटामागे भिंतीला छोटी झडप. बिजागऱ्या लावलेली, तेलपाणी केलेली. उघडली तर पलीकडून धाकटीचा चेहरा! मध्ये फळीवर बुद्धिबळाचा पट, अर्धा खेळलेला डाव, आणि दोन चहाचे कप. सोंगट्यांचा रंग बोटांनी झिजलेला.

आधी भयंकर राग आला. मग कळलं आणि रडू फुटलं. हे भांडतात म्हणून आम्ही वैरी, आणि आम्ही भांडतो म्हणून हे मुके! ह्या अख्ख्या रस्त्यावर नऊ वर्षं नीट जतन केलेली एकच गोष्ट, आमचं भांडण. मग धाकटी त्या भोकातून खुदकन हसली आणि मला आवरेना.

गवंड्याला दुपारनंतर ये म्हणून विनवलं, उद्याच. झडप लावली, कपाटं होती तिथे ढकलली. त्याआधी पटावरचा पांढरा वजीर मी पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी हे तांबडेलाल होऊन घरी आले. बूट एकीकडे, पिशवी एकीकडे.

"लबाड आहे तो! अट्टल लबाड!"

"कोण हो?"

"कोणी नाही," म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.