चौथा नियम

गोंदर, शुक्रवार

तीर्थस्वरूप यशिमेबेतताईस धाकट्या अबेराचा नमस्कार.

मरियमच्या कृपेने आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचं खेचर लंगडायचं थांबलं का? रविवारी तू कॉफीच्या भांड्यासकट रागाने बसमध्ये बसलीस, तेव्हापासून फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती धाडतोय.

ताई, आपल्या भाड्याच्या खोलीत उतरलेल्या सोल्वेगबाईंना ताज्या गवताची ॲलर्जी आहे. खोली ठरवतानाच त्यांनी तसं कळवलं होतं. गवताने माणसाचा श्वास कोंडतो हे मला नवीनच. (त्यांच्या देशात गुरं कोण राखतं, यावर मी दोन दिवस विचार केला.) तरी मी अंगण खरवडलं, शेजाऱ्याचं वासरू पलीकडे बांधायला लावलं आणि दारावरच्या कागदात सहावा नियम घातला: घरात गवत आणू नये. मग निर्धास्त देवळात गेलो. तेवढ्यात तू आलीस. पाहुणी उघड्या जमिनीवर बसलेली पाहून तुला लाज वाटली, तेही खरंच. जमिनीवर ताजं गवत न पसरता कॉफी मांडणं आपल्या आईलाही जमलं नसतं. तू ओढ्यावरून दोन भारे आणलेस (त्या गुडघ्यांनी!).

मी परतलो तर बाईंचा चेहरा आंबलेल्या पिठासारखा फुगलेला, श्वासाची शिट्टी वाजतेय आणि तू म्हणतेस, "बघ, कॉफी पिऊन डोळे भरून आले बिचारीचे!"

मी ओरडलो, "अगं, मारतेस का तिला?"

"मग उठली का नाही? मी काय दोरीने बांधलं होतं?"

दवाखान्यातून आणल्यावर (आता बऱ्या आहेत) मीही त्यांना तेच विचारलं. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. चौथा नियम: कॉफीला बसलेल्याने तिसऱ्या, आशीर्वादाच्या कपाआधी उठू नये. गेल्या वर्षी एक पाहुणा पहिल्याच कपावर उठला, तेव्हा मी रागाने लिहिलेला. सहावा नियम तू मोडलास म्हणून त्या आजारी पडल्या, आणि चौथा त्यांनी पाळला म्हणून मरायला टेकल्या. दोन्ही नियम माझेच, आणि ओरडलो तुझ्यावर. माफ कर.

तुझा अबेरा

ता. क. बाई काल जायच्या होत्या, पण हलत नाहीत. दोनच कप झाले. तिसरा तुझ्याच हातचा हवा म्हणतात. मी चौथा नियम खोडला, तर म्हणाल्या, "मी आले तेव्हा होता." तेव्हा रविवारी भांडं घेऊन ये. गवत नको.

आणखी एक. सोमवारी त्याच खोलीत एक जोडपं येतंय. त्यांना कॉफीच्या वासाने पुरळ उठतं. (नाकाला आलेला वास कातडीला कोण सांगतं?) खोली धुवायला दोघं लागतील. मुक्कामालाच ये.