अर्पणात आलेला घेवडा

लुशेबा मठ, दक्षिण किवू
५ सप्टेंबर

आई, तुझ्या दोन्ही हातांचे मुके.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? पत्र वाचून दाखवणारी आपली मापेंडो शाळा बुडवत नाही ना?

इथं खाण्याची चंगळ आहे. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला लोकांनी आम्हा तिघी सिस्टरांसाठी अर्पण म्हणून कोंबड्या आणल्या, टोपल्या भरभरून घेवडा आणला. मी वेडी, टाळ्या वाजवत होते. आमची स्वयंपाकीण चिबालोंझा मात्र घेवडा हातात घेऊन मटकन खाली बसली.

"हसता काय, सिस्टर? बियाणं आहे हे! पेरणीच्या तोंडावर बियाणं कोण देतं? ज्याला पेरायचंच नाही तो."

मंगळवारपर्यंत अर्धं गाव निघून गेलं. बंदूकवाले नदीपलीकडे आलेत म्हणे. मठाच्या दवाखान्यातल्या दोन बाळंतिणींना चालवत नाही, म्हणून आम्ही थांबलोय.

मापेंडो, ही ओळ आईला वाचू नकोस: कुत्रं भुंकलं तरी मी उठून दाराची कडी पुन्हा तपासते.

आई, आज तो घेवडा आम्ही अंगणात पेरला. गाव परतलं तर बियाणं लागेलच. शेंगा भरायला तीन महिने लागतात. तेवढे दिवस जपमाळेत माझं नाव घे.

तुझी फुराहा