शिंप्याची मूठ

सोमवार, ता. ३

एक घोर अन्याय आधी नोंदवून ठेवतो. माणसानं अठ्ठावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवावं, आणि परक्या देशात उतरताच त्याच्या अंगावर पिवळाधमक टी-शर्ट चढवावा! पाठीवर ठसठशीत ‘सेवक’. माप तर असं, की पोट माझं आणि शर्ट दुसऱ्याच कुणाचा तरी. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना म्हटलं, “सेवक आहे हे पाठीवर कशाला लिहायचं? काम करताना दिसेलच की.”

“मास्तर, फोटोत दिसायला हवं.”

मी ख्रिस्ती, त्यात संस्कृतचा मास्तर. दोन्हीकडचे लोक मला पाहुणाच समजतात. त्याची सवय आहे. पिवळ्याची नाही.

आमच्या मंडळीतले अकरा जण आलो आहोत. इथल्या चर्चच्या वृद्धाश्रमात दहा दिवस सेवा. आईला ताईकडे ठेवलंय. “पळालास,” असं ताई म्हणाली. पळालो नाही. सेवेला आलो. शाईनं लिहून ठेवतो.

मंगळवार, ता. ४

बत्तीस खाटा. म्हाताऱ्यांनी एकत्र बसावं म्हणून एक मोठी खोली नीट करायची आहे. बाकीचे तिथं रंगकामाला. माझ्या वाट्याला काय? नखं! बत्तीस जणांची, हातापायांची. हिशेब करायला लागलो आणि सोडून दिला.

मेट्रन उंच, करारी बाई. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही तेवढंच, त्यामुळे आमचं छान जमतं. “सोळा नंबरकडे जाऊ नका,” म्हणाली. “शिंपी होता. मारतो.”

गेलो.

अर्धांगवायू. डावी मूठ दोन वर्षं मिटलेली. नखं वाढून तळहातात रुतलीत. वास येतो. मी एक बोट धरून ओढलं. त्यानं उजव्या हातानं कोमट पाण्याचं भांडं माझ्यावर उपडं केलं! पिवळा शर्ट चिंब. मला हसूच फुटलं. शर्टाबद्दल आम्हा दोघांचं एकमत निघालं.

बुधवार, ता. ५

मेट्रननं युक्ती शिकवली. बोट ओढायचं नाही. मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवायचं. बोटं आपणहून सैल पडतात. आज करंगळी. एक नख — पाऊण तास!

गुरुवार, ता. ६

करंगळीशेजारचं बोट झालं. तेवढ्यात पाळकसाहेब कागद घेऊन हजर. रोज कामं बदलायची म्हणे.

“मास्तर, आज तुम्ही रंगाला.”

“नाही.”

“प्रत्येकाला सगळ्या सेवेचा आशीर्वाद मिळायला हवा.”

“मिळू दे. शिंप्याची तीन बोटं अजून मिटलेली आहेत.”

“आणि त्याच्यापाशी पुटपुटता काय? मेट्रन विचारत होती, मंत्र म्हणतात का हे?”

मंत्र! बायबलातलं तेविसावं स्तोत्र आहे ते. मी स्वतः अनुष्टुभात बसवलेलं. वीस वर्षं वहीत पडून आहे. मंडळीत म्हटलं तर लोक दचकतात, शाळेत म्हटलं तर मुख्याध्यापक. शिंप्याला मराठी येत नाही, इंग्रजी येत नाही, संस्कृत येत नाही. म्हणजे भाषेचा प्रश्नच उरला नाही. तिसऱ्या श्लोकाला घोरायला लागतो. माझे विद्यार्थी पहिल्यालाच लागायचे. त्या मानानं रसिक.

भिंत रंगवायला गेलो नाही. उद्याही जाणार नाही. काय करायचं ते करा!

शुक्रवार, ता. ७

संध्याकाळी प्रार्थनेनंतर साक्षी झाल्या. देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकानं उठून सांगायचं. एकाच्या रंगाच्या डब्याचं झाकण निघत नव्हतं, प्रार्थना केली, निघालं. आमेन. झाकणाला त्याच वेळी मी जाता जाता चमचा लावला होता, पण मी कुणाची साक्ष खोडत नाही.

“मास्तर, तुमची साक्ष?”

“साक्ष कोर्टात देतात. तीही समन्स आल्यावर.”

सगळे हसले. पाळकसाहेब सोडून. “देवानं तुम्हाला इथं का आणलं, एवढंच सांगा.”

“तिकीट काढलं होतं, वाया जाईल म्हणून.”

नाही सांगणार! नखं कापीन, खाटा धुवीन, संडास घासीन. साक्ष मागू नका.

शनिवार, ता. ८

ताईचा फोन.

“काय रे, भाजतोयस का लष्करच्या भाकऱ्या?”

“नखं कापतोय.”

“वा! इथं आईची वाढलीत बोटभर. मला हात लावू देत नाही. हात दिसला की अंग चोरते. वर्षभर तुझ्याकडे होती, तू कशी कापायचास?”

“झोपेत काप.”

मग म्हणाली, “सारखी विचारते — ते मास्तर गेले का?”

सहा महिने झाले, आई मला ओळखत नाही. कुणीतरी शिकवणीचे मास्तर घरी राहायला आलेत, असं समजते. म्हटलं, “विचारते ना? म्हणजे आठवण काढते.”

“अरे, आठवण काढतात तो सूर नाही तो.”

मी फोन ठेवला. सेवा ती सेवाच. ती कुठं करावी हे ताईनं मला शिकवू नये. संस्कृतमध्ये पस्तीस मार्कांवर सुटली होती, तीही दुसऱ्या खेपेला, माझ्या वह्या वाचून!

रविवार, ता. ९

मधलं बोट. उपासनेला उशिरा पोहोचलो. देवानं गैरहजेरी मांडली असेल तर मांडो.

मंगळवार, ता. ११

काल अंगठ्याशेजारचं, आज अंगठा. मूठ उघडली!

तळहातावर चार चंद्रकोरी उमटल्यात. आत दोन वर्षांचा मळ. धुतला. मेट्रननं मऊ कापडाची गुंडाळी करून हातात दिली, पुन्हा रुतू नये म्हणून. शिंपी बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला. बाहेरगावाहून कुणी नातेवाईक आल्यासारखा.

मग उजव्या हातानं माझ्या शर्टाची कड धरली. उलटी केली. शिवण पाहिली. जिभेनं च्च च्च केलं. मला वाकायला लावून खांद्यापासून खांद्यापर्यंत वितीनं माप घेतलं आणि मेट्रनला काहीतरी सुनावलं. ती हसत सुटली.

“म्हणतो, हा ज्यानं शिवला त्याला कामावरून काढा.”

पाळकसाहेब दारात उभे होते. कॅमेरा गळ्यात. फोटो काढला नाही! तेवढ्यासाठी त्यांचे टी-शर्टासकट सगळे अपराध माफ.

शिंपी आणखी काहीतरी म्हणाला. मेट्रन थांबली, शब्द जुळवले.

“म्हणतो, तुमचा हात फार हलका आहे. घरी कुणाचं तरी करत असाल.”

मी मान डोलावली. हो म्हणून.

बुधवार, ता. १२

शेवटची बैठक, नव्या रंगाच्या खोलीत. भिंतीचा रंग कोणता? पिवळा! अठरा म्हातारे बसले होते, शिंपी खिडकीजवळ. पाळकसाहेबांनी साक्षीचं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. मीही विनोद केला नाही.

गुरुवार, ता. १३

उद्या विमान. साक्ष देतो. या पानापुढे, बाकी कुणापुढे नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी आईची नखं कापत होतो. ती सारखी हात काढून घेत होती. पाण्याची वाटी माझ्या मांडीवर सांडली. मी ओरडलो. तिचं मनगट धरून ओढलं. तिनं दुसरा हात तोंडापुढे धरला, मार चुकवतात तसा. दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांच्या यादीत नाव घातलं.

शिंप्यानं अख्खं भांडं अंगावर ओतलं, तर मला हसू आलं.

ती मला विसरली, त्याचं मी सोसलं. पण मास्तरांना ती घाबरते. परवा मी ताईच्या दारात उभा राहीन. तिथं माझा हात इथल्यासारखा हलका राहील का, मला माहीत नाही.