पाठ खेळाकडे

रविवार, १३ जुलै

मिळाला एकदाचा! दंडावर बांधायचा पिवळा पट्टा, टोपी आणि ‘शांत राहा’ लिहिलेली लाकडी पाटी. जागा — अठरावा, शेवटचा होल. म्हणजे वॉटीचीच. मागच्या खेपेला ही गोल्फची मोठी स्पर्धा आमच्या किनार्डी गावात आली तेव्हा तिथे माझा भाऊ वॉटी उभा होता. आता मी. जन्मभर शाळेत पोरांना गप्प बसवलं, आता त्यांच्या आईबापांना बसवायचं.

नियम सोपे आहेत. बुधवारपर्यंत सराव, तोवर कॅमेरे चालतात. गुरुवारी खरी स्पर्धा सुरू झाली की कॅमेरा फाटकावर जमा, मोबाइल मुका करून खिशात. कोणी काठी उगारलेली असताना एक ‘खटक’ झालं तरी त्या माणसाच्या वर्षभराच्या मेहनतीचं मातेरं.

आणि आम्हा पाटीवाल्यांचा आणखी एक नियम: पाठ खेळाकडे, तोंड लोकांकडे. काही झालं तरी वळायचं नाही. वॉटी म्हणायचा, चर्चची घंटा वाजवणाऱ्याला नवरी बघायला मिळत नसते.

पण यंदा खेळणाऱ्यांत आमचा रूअरी आहे! वॉटीचा मुलगा. पात्रता फेरी खेळून आत आला. फलकावर त्याचं नाव मी तीनदा जाऊन वाचून आले. लोक बघत होते. बघू देत.

सोमवार, १४ जुलै

दुपारी वॉटीकडे. ईस्टरपासून तो दवाखान्यातच आहे. फुप्फुसं थकलीत, जिभेला काही झालेलं नाही. चहा पाणचट, उशी दगडासारखी, शेजारचा म्हातारा इंग्लंडचा — गाऱ्हाणी ऐकून झाली. मग म्हणाला, “ग्रिझ, मला पोराचा एक फोटो हवाय. फटका मारतानाचा.”

टीव्हीवर रूअरी दिसणं कठीण. त्याची पाळी भल्या सकाळी, मोठी नावं अंथरुणात असताना. वॉटीनेच त्याच्या हातात पहिली काठी दिली, आणि मुलगा एवढ्या मोठ्या मैदानावर उतरणार तेव्हा बाप खाटेवर. म्हटलं, उद्या सराव आहे, उद्याच काढते.

मंगळवार, १५ जुलै

काढला. चांगला आला! केमिस्टच्या दुकानात फोटोही छापतात, तिथे मोठा करून घेतला आणि तडक दवाखाना गाठला.

वॉटीने तो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ धरला आणि म्हणाला, “हा तर हसतोय.”

हसतोय कुठे? उन्हाने डोळे बारीक केलेत, खालचा ओठ दातात धरलाय — गणितं सोडवताना धरायचा तसा — आणि डाव्या बुटाची नाडी सुटलेली. सगळं बोट ठेवून ठेवून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणे, हा सरावाचा. रंगीत तालमीचं काय कौतुक? मला खऱ्या दिवसाचा हवा.

मी म्हटलं, खऱ्या दिवशी फोटो काढायचा नाही हे मला कोणी शिकवलं? तर भिंतीकडे तोंड करून पडला. त्याच्यासाठी आणलेली मटणाचं सारण भरलेली पेस्ट्री मीच खाल्ली, बसमध्ये, रागारागात.

बुधवार, १६ जुलै

कॅमेऱ्यांचा शेवटचा दिवस. उद्यापासून माझाही मोबाइल खिशात. तिथेच राहायला हवा.

गुरुवार, १७ जुलै

लिहवत नाही. पण लिहिते.

सकाळी समुद्रावरून धुकं आलं आणि गेलं. रूअरी अठराव्यावर पोहोचला तेव्हा लख्ख ऊन. हिरवळीच्या अलीकडे आमचा तो ओढा, ओढ्यापलीकडे होलवरचा झेंडा. मी लोकांना अडवणाऱ्या दोरापाशी, हात वर, पाटी वर. आणि सगळे गप्प! इतकी माणसं — खोकला नाही, कागदाची कुरकुर नाही. लांबच्या लाटेचा आवाज येत होता. इतक्या माणसांचा श्वास एका पोरासाठी अडकलाय, आणि ते पोर आमचं.

मी वळले.

क्षणभरच. वॉटीला सांगायला काहीतरी हवं म्हणून. रूअरीची काठी मागे गेलेली पाहिली, आणि माझ्या पाठीमागे खटक!

काठी थरथरली. चेंडू सरळ ओढ्यात.

मिसेस पिरी. खाटकाची बायको, माझ्या वर्गातली जुनी विद्यार्थिनी, आजीबाई झाली तरी तशीच वेंधळी. मी तोंड फिरवलेलं बघून तिने मोबाइल काढला. आवाज बंद करायचा राहून गेला. रडत म्हणाली, “बाई, वॉटीसाठीच हो! दवाखान्यात भेटायला गेले तर म्हणाला, फोटो मिळाला तर बघ.” म्हणजे याने गावभर सांगून ठेवलंय! तिला काय बोलणार? माझी पाठ जागेवर असती तर तिची छाती झाली नसती.

खेळ संपल्यावर रूअरीला गाठलं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “आत्या, चेंडू मी घालवला ओढ्यात. तू नाही.” माझ्या टोपीवर टपली मारून गेला. त्याला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. उद्या संध्याकाळी निम्मे खेळाडू घरी जाणार, आणि त्या रेषेवर तो आता नखांनी लोंबकळतोय.

दवाखान्यात गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

शुक्रवार, १८ जुलै

काय दिवस! काय दिवस!

आज रूअरीची पाळी दुपारची. अठराव्यावर आला तेव्हा बातमी त्याच्या आधी आली होती — इथे चार फटक्यांत संपवलं तर शनिवारी खेळणार, पाच लागले तर सामान बांधणार. तशात वारा. समुद्रावरून गावाकडे, तिरपा, दोर थडथडवणारा. दोराच्या मागे अख्खं किनार्डी. मिसेस पिरी पहिल्या रांगेत, मोबाइल घरी ठेवून आलेली. दोन्ही रिकामे हात मला दाखवले.

मी पाटी वर केली. पाठ खेळाकडे, तोंड लोकांकडे.

आज नाही वळले. मानेत कळ आली, पण नाही. आणि मला जे दिसलं ते — कसं लिहू? मागे काठीचा आवाज झाला, एकच, कोरडा. आणि समोरची सगळी तोंडं एकदम वर गेली. वर, आणि समुद्राकडे. फारच समुद्राकडे! लाल टोपड्यातल्या बाईने नवऱ्याची बाही घट्ट धरली. पोस्टातल्या म्हाताऱ्या लेनॉक्सने डोळेच मिटले. मला वाटलं, गेला. मग ती तोंडं तिथेच थांबली, आणि हळूहळू, सगळी मिळून, गावाकडे वळू लागली. हनुवट्या खाली आल्या. एक दचका. मग डोळे इंच इंच सरकू लागले, गावाकडेच, आणखी, आणखी जरा. मिसेस पिरीचा जबडा उघडाच राहिला. आणि मग आवाज! जमीन हलली. लेनॉक्स डोळे न उघडताच टाळ्या वाजवत होता. मी पाटी खाली करायची विसरले.

चेंडू झेंड्यापासून हातभर, पुढच्या हलक्या टोल्यात आत. चार फटके. रूअरी उद्या खेळणार!

तशीच दवाखान्यात पळाले. मिसेस पिरीने कालचा तो करंटा फोटो छापून माझ्या हातात कोंबला होता. आधी वॉटीला कालचं सगळं सांगितलं, वळले तेही.

“पाठ फिरवलीस,” म्हणाला.

“हो.”

“आज?”

“आज नाही.”

मग फोटो दिला. त्याने दोन्ही हातांत धरला, म्हणाला, छान आहे, काय काय आहे यात? मी काय आहे ते सांगितलं. त्याने तो उशीखाली सारला. इतका हट्ट केलेला फोटो, आणि घडीभरात उशीखाली! मी चिडणारच होते, पण तो म्हणाला, “आजचं सांग.”

“मी आज काही बघितलं नाही, वॉटी. पाठ होती.”

“मग लोकांची तोंडं सांग ना.”

सांगितलं. लाल टोपडं, लेनॉक्स, सगळं. तो डोळे मिटून ऐकत होता. समुद्राकडे गेली म्हणताच त्याने माझं मनगट पकडलं. “किती वेळ समुद्राकडे?” मी म्हटलं, लांब श्वास घ्यावा इतका. “आणि मग सगळी एकदम वळली, की आधी मागची?” सगळी एकदम. खाटेवरच उठून बसला तो! “वाऱ्यावर सोडला त्याने! समुद्रावर मारला आणि वाऱ्याला म्हणाला, घेऊन ये घरी. लहान होता तेव्हा शिकवलं होतं मी, कधी जमायचं नाही त्याला. पडल्यावर उडाला, हो ना? तो दचका. मग हिरवळीच्या उताराने खाली.” त्याचं बोट पांघरुणावर चेंडूच्या वाटेने चाललं होतं — ओढा, उतार, झेंडा. बरोब्बर झेंड्यापाशी थांबलं. मला न दिसलेला फटका मला तेव्हा दिसला.

दोघंही रडलो. शेजारचा इंग्लंडचा म्हातारासुद्धा.

शनिवार, १९ जुलै

कामावर जायच्या आधी धुतलेले कपडे द्यायला दवाखान्यात. वॉटी झोपलेला. दोन्ही फोटो सिस्टर मायरीने मेजावर लावले होते. मी सहज विचारलं, याला कोणता जास्त आवडला?

ती माझ्याकडे बघतच राहिली. “त्यांनी अजून सांगितलं नाही तुम्हाला?”

मे महिन्यापासून त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. रूअरीला कळलं असतं तर पात्रता फेरी सोडून तो इथे येऊन बसला असता, म्हणून शपथ घातली होती तिला. “फोटो आणा म्हटलं की माणसं येतात आणि त्यात काय आहे ते सांगतात,” ती म्हणाली. “तुमच्या बाबतीत तर सोपं आहे म्हणाले — मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचं, मग माझी बहीण सगळं बरोबर करून सांगते.”

माझा मोबाइल वॉटीच्या खणात ठेवलाय. निघते. रूअरी दहाला सुरू करतोय, अठराव्यावर यायला दुपार होईल. आज तोंडं नीट बघायची आहेत.