तिकीट नसलेलं पान

दि. ९ मार्च, सोमवार

ताईंना,
सप्रेम नमस्कार.

वयानं मी मोठी असूनही तुम्हाला ताई म्हणते आहे. दुसरं काही सुचलं नाही. तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करते. तुम्ही पुन्हा कामावर जाऊ लागलात हे शाळेच्या शिपायाकडून कळलं, बरं वाटलं. घरात एकटीनं बसून दिवस सरत नाही, हे मी स्वानुभवावरून सांगते.

इकडे परीक्षा तोंडावर आल्या आहेत. पोरांना एकदम माझी आठवण व्हायला लागली आहे. वर्षभर इंग्रजीच्या तासाला खिडकीबाहेर बघणारे आता मधल्या सुट्टीत दारात उभे असतात. तिसऱ्या रांगेतलं तुमच्या लेकीचं बाक मात्र रिकामंच आहे. तिथे बसू नका असं मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरं आपापली समजून आहेत.

सोबतच्या पुडक्यात तुमच्या ठकीची वाचनवही आहे. घरी तुम्ही तिला ठकी म्हणता हे मला तुम्ही आलात तेव्हा कळलं. वर्गात तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणायचे. गोष्टीतली बाई रडली म्हटलं, की हिचा प्रश्न तयार: "बाई, मग तिला रडताना कुणी बघितलं?" मी वैतागायचे. खरं सांगायचं तर तिच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला घरी जाऊन धडा पुन्हा वाचायचे.

ही वही मागायला तुम्ही तीनदा आलात. तिन्ही वेळा मी म्हणाले, वह्या कार्यालयात जमा आहेत, शोधून ठेवते. ते खोटं होतं. वही माझ्या टेबलाच्या डाव्या खणात होती. तुम्ही समोरच्या खुर्चीवर बसलात तेव्हा माझा गुडघा त्याच खणाला टेकलेला होता.

आता हे वहीचं प्रकरण काय ते सांगते. नववीच्या मुलांना मी इंग्रजीत जादा गुण देते. नाटक बघा, संग्रहालयात जा, गाणं ऐका, आणि आल्यावर वाचनवहीत दोन पानं लिहा. पाठ्यपुस्तकाबाहेर जग आहे हे पोरांना कळावं एवढाच हेतू. पण पोरं माझ्याही वरताण. तीन वर्षांपूर्वी अर्ध्या वर्गानं संग्रहालयाचं इतकं रसभरीत वर्णन केलं की मी खूश झाले, आणि मग कळलं, त्या दिवशी संग्रहालय बंद होतं. तेव्हापासून नियम केला: पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिकीट चिकटवायचं. तिकीट नाही तर गुण नाहीत. या नियमाचा मला फार अभिमान होता.

जानेवारीत एका शुक्रवारी मी वर्गाला नाट्यगृहात नेलं. तुम्ही दाराशी बादली आणि फडकं घेऊन उभ्या होतात. तुम्ही तिची आई आहात हे मला ठाऊक नव्हतं. मी रांग मोजत होते. रांगेत काय झालं ते मी पाहिलं नाही. ते तुम्हीच मला सांगितलंत, तिसऱ्यांदा आलात तेव्हा.

तुमचे शब्द माझ्या कानातून जात नाहीत. "बाई, मी तिच्याकडे बघून हसले. तिनं मान फिरवली. घरी आल्यावर ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. म्हटलं, बोलेल आपणहून. मग पुढच्या आठवड्यात ताप आला आणि सगळं राहूनच गेलं. माझी लाज वाटत होती का हो तिला? वही नसेल सापडत तर राहू द्या, एवढंच सांगा. माझ्याबद्दल काही लिहिलंय का तिनं?"

मी म्हणाले, "नाही हो, पुस्तकांबद्दलच लिहायची."

तुम्ही मान हलवलीत, पदर सारखा केलात आणि मला म्हणालात, "तुमचा वेळ घेतला." ताई, त्याऐवजी तुम्ही माझ्या थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं.

तिनं लिहिलं होतं. शेवटचं लिखाण तुमच्याबद्दलच आहे. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही असं तुम्ही म्हणाल्या होतात, म्हणून मराठीत करून देते. माझ्या पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

"आज रविवार. मी सकाळी नाट्यगृहात गेले. आज नाटक नव्हतं. मी बाजूच्या दारानं आत शिरले आणि वर बाल्कनीत बसले. खाली माझी आई काम करत होती. ती प्रत्येक खुर्ची उघडून बघते, कुणाचं काही राहिलंय का. तिला एक लहान मोजा सापडला. तिनं तो झटकला, त्याची घडी केली आणि दाराजवळच्या टेबलावर नीट ठेवला. मग ती रंगमंच पुसायला लागली. पुसता पुसता मधोमध थांबली आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी म्हणणार. तिनं नुसती कंबर सरळ केली आणि परत वाकली. मला टाळ्या वाजवायच्या होत्या. पण मग मी आलेय हे तिला कळलं असतं. शुक्रवारी ती माझ्याकडे बघून हसली आणि मी मान फिरवली. मैत्रिणी काय म्हणतील असं वाटलं. त्या काहीच म्हणाल्या नसत्या. मीच वाईट वागले. हे मला तिला सांगायचं आहे, पण तोंडानं सांगायला गेले की रडू येतं. म्हणून आधी इथे लिहिलं. बाईंनी तपासून दिलं की मराठीत करून तिला वाचून दाखवीन."

या पानावर तुम्हाला आडवी लाल अक्षरं दिसतील. ती माझी आहेत. त्यांचा अर्थ असा: "तिकीट नाही. त्या दिवशी नाटकच नव्हते. गुण शून्य."

ते मी पान वाचून लिहिलं नव्हतं. पहिल्या तीन-चार ओळी, 'नाटक नव्हतं' हे शब्द आणि रिकामा कोपरा, एवढंच पाहिलं. त्या दिवशी चाळीस वह्या होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही, होत्या म्हणून सांगते.

वही परत दिली तेव्हा ती टेबलापाशी आली. "बाई, तुम्ही वाचलंत?"

मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

"मला गुण नकोत, बाई. तुम्ही वाचलंत का, एवढंच विचारते."

"घंटा झाली, वर्गात जा."

ती वही टेबलावर ठेवून गेली. दोन दिवसांनी ती शाळेत आली नाही, आणि पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी ते पान पुरतं वाचलं ते, ती गेल्यावर तुमच्या घरी येऊन गेले, त्या संध्याकाळी.

वरातीमागून घोडं म्हणतात तसं माझं हे पत्र. लाल अक्षरांचा अर्थ मी सांगितला नसता तर तुम्हाला कळलाही नसता. नुसतं भाषांतर पाठवून मी मोठेपणाही घेऊ शकले असते. तसं एक पत्र मी लिहिलंही होतं. फार छान झालं होतं, म्हणून फाडलं. आता तुम्ही म्हणाल तर मुख्याध्यापकांसमोर हेच सगळं सांगेन. नाही म्हणालात तरी सांगणारच आहे. तिकिटाचा नियम मी काढून टाकला आहे. वर्गात पोरांना फार आनंद झाला. कारण कुणी विचारलं नाही. ती असती तर विचारलं असतं.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, तुमचा स्वभाव मी तीन भेटींत पाहिला आहे. तुम्ही मला वाट्टेल ते बोला, किंवा कधीच बोलू नका. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर 'माझी लाज वाटत होती का तिला' हा प्रश्न मात्र आता विचारू नका. ती तुमच्याकडेच यायला निघाली होती, ताई. फक्त मी ते पान वाचण्याची वाट बघत होती.

तुमच्या लेकीला वाट बघायला लावणारी,
तिची इंग्रजीची बाई